नैसर्गिक मारक कोशिका व एचआयव्ही संक्रामण

व्हायरसाने ग्रासलेल्या किंवा कर्करोगी बनलेल्या कोशिका पूर्वपरिचयाशिवाय ओळखून त्यांचा नाश करणाऱ्या लसीका कोशिकांना ‘नैसर्गिक मारक कोशिका’ म्हणतात. मानवी रोगप्रतिकारक्षमतेच्या उपजत विभागात त्यांचा समावेश होतो. मानवी प्रतिरक्षा-न्यूनताजनक व्हायरस (एचआयव्ही) शरीरात शिरल्यावर औषधोपचार झाला नाही, तर या कोशिकांची संख्या, त्यांच्या उपप्रकारांचे परस्पर प्रमाण आणि त्यांची कार्यशक्ती यांत जे बदल होतात त्यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. हे बदल साहाय्यक टी-कोशिकांची संख्या धोक्याच्या पातळीखाली जाण्याच्या पुष्कळ आधी सुरू होतात, नेहमीच्या तपासणीत दिसत नाहीत आणि उपचारांनी बहुतांशी, परंतु पूर्णपणे नव्हे, भरून येतात. म्हणून संक्रामण व उपचार यांमधील कालावधीला या विषयात मध्यवर्ती महत्त्व आहे. खानदेशातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांत हा कालावधी कशाने लांबू शकतो आणि कशाने कमी करता येतो, याचा विचार नोंदीच्या अखेरीस केला आहे.

इतिहास : १९७५ मध्ये स्वीडनमधील रॉल्फ कीसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स विगझेल यांनी उंदरांच्या प्लीहेतील काही लसीका कोशिका पूर्वी कधीही संपर्कात न आलेल्या कर्करोगी कोशिकांचा नाश करतात, असे दाखवून दिले व त्यांना हे नाव दिले. त्याच सुमारास अमेरिकेत रॉनल्ड हर्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीही असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९८१ मध्ये, एड्स या विकाराची पहिली नोंद अमेरिकेत झाली आणि १९८३ मध्ये त्याला कारणीभूत असलेला व्हायरस पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वेगळा करण्यात आला. एड्सच्या रुग्णांतील नैसर्गिक मारक कोशिकांची मारकशक्ती घटलेली असते, हे १९८३ मध्येच लक्षात आले होते. त्या वेळच्या प्रयोगांत रुग्णांच्या रक्तातील कोशिकांना इंटरल्यूकिन-२ हे संदेशवाहक प्रथिन पुरविले असता त्यांची शक्ती काही अंशी परत येते, असेही दिसून आले. कोशिका नष्ट झालेल्या नसून त्यांना आवश्यक तो पुरवठा व प्रेरणा मिळत नाही, असा याचा अर्थ होता. पुढील संशोधनाने हा अर्थ बऱ्याच प्रमाणात बरोबर ठरविला, तथापि त्याला बरीच जोडही दिली.

भारतात एचआयव्ही संक्रामणाचे अस्तित्व १९८६ मध्ये तत्कालीन मद्रास येथे प्रथम सिद्ध झाले. १९९२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन केली. त्याच वर्षी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू केली. या संस्थेचे नाव पुढे बदलण्यात आले.

प्रकार व वितरण : नैसर्गिक मारक कोशिका मुख्यतः अस्थिमज्जेत निर्माण होतात. रक्तातील लसीका कोशिकांत त्यांचे प्रमाण साधारणपणे ५ ते १५ टक्के असते. आकाराने त्या इतर लसीका कोशिकांपेक्षा काहीशा मोठ्या असून त्यांच्या कोशिकाद्रव्यात ठळक कणिका असतात. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी५६ व सीडी१६ या नावांनी ओळखली जाणारी प्रथिने आढळतात. टी-कोशिकांची खूण असलेले सीडी३ हे प्रथिन मात्र त्यांच्यावर नसते.

सीडी५६ च्या प्रमाणावरून त्यांचे दोन मुख्य प्रकार पडतात. रक्तातील सुमारे ९० टक्के कोशिकांवर हे प्रथिन थोडे असते; या कोशिका प्रत्यक्ष मारण्याचे काम करतात व त्यांच्यावर सीडी१६ भरपूर असते. उरलेल्या सुमारे १० टक्के कोशिकांवर सीडी५६ विपुल असते. त्या मारण्यापेक्षा गॅमा इंटरफेरॉनासारखी संदेशवाहक प्रथिने स्रवण्याचे काम अधिक करतात आणि लसीका ग्रंथींत त्यांचेच प्राबल्य असते. सीडी५६ जवळजवळ नसलेला, परंतु सीडी१६ असलेला तिसरा प्रकार निरोगी व्यक्तीत अल्प प्रमाणात आढळतो. एचआयव्हीच्या संदर्भात हाच प्रकार महत्त्वाचा ठरला आहे.

लक्ष्य ओळखण्याची पद्धती : टी-कोशिकांप्रमाणे या कोशिकांना विशिष्ट प्रतिजन ओळखण्याची गरज नसते. त्यांच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचे ग्राही असतात : काही रोधक, काही उत्तेजक. शरीरातील बहुतेक निरोगी कोशिकांवर एचएलए वर्ग-१ ची प्रथिने असतात. ही प्रथिने ओळखपत्रासारखी असून ती दिसली, की रोधक ग्राही मारक कोशिकेला आवरतात. व्हायरसाने ग्रासलेल्या कोशिकेवर ही प्रथिने कमी झाली, तर आवर सुटतो. त्याच वेळी कोशिकेवरील ताणाची निदर्शक प्रथिने उत्तेजक ग्राहींना चेतवितात. या दोहोंचा ताळमेळ बसून मारायचे की सोडायचे, हे ठरते. ओळख हरवल्यामुळे हल्ला होतो, ही ‘स्वत्वलोपा’ची कल्पना स्वीडनमधील क्लास केरे यांनी १९८० च्या दशकात मांडली.

लक्ष्य ठरल्यावर मारक कोशिका त्याला चिकटते व आपल्या कणिकांतील परफोरीन आणि ग्रँझाइमे त्याच्या दिशेने सोडते. परफोरीन लक्ष्यकोशिकेच्या पटलाला छिद्रे पाडते आणि ग्रँझाइमे आत शिरून तिच्या आत्मनाशाची यंत्रणा सुरू करतात. दुसरा मार्ग प्रतिपिंडांमार्फत आहे. प्रतिपिंड ग्रस्त कोशिकेवर बसले, की त्यांचे शेपटाकडील टोक मारक कोशिकेवरील सीडी१६ शी जोडले जाते व मारण्याची क्रिया घडते. याखेरीज या कोशिका सीसीएल३, सीसीएल४ व सीसीएल५ ही प्रथिने स्रवतात. एचआयव्हीला कोशिकेत शिरण्यासाठी सीडी४ बरोबरच बहुधा सीसीआर५ या ग्राहीची गरज असते. वरील प्रथिने त्या ग्राहीला व्यापून टाकतात व प्रवेशाची वाट अडवितात.

व्हायरसाची बचावाची रीत : एचआयव्ही मुख्यतः सीडी४ असलेल्या साहाय्यक टी-कोशिकांत वाढतो. नैसर्गिक मारक कोशिकांत तो सहसा वाढत नाही. त्यामुळे त्यांच्या ऱ्हासाचे कारण प्रत्यक्ष संक्रामण हे नव्हे. व्हायरसाचे नेफ हे प्रथिन ग्रस्त कोशिकेवरील एचएलए-ए व एचएलए-बी ही प्रथिने पृष्ठभागावरून काढून घेते. त्यामुळे मारक टी-कोशिकांना ती कोशिका दिसेनाशी होते. सर्वच ओळखपत्रे नाहीशी झाली असती, तर नैसर्गिक मारक कोशिकांनी तिच्यावर ताबडतोब हल्ला केला असता. परंतु रोधक ग्राहींना कार्यरत ठेवणारे एचएलए-ई पृष्ठभागावर राहते आणि एचएलए-सी ला नेफ हात लावीत नाही. एचएलए-सी सुद्धा काही प्रमाणात घटविणारे व्हायरसाचे वाण असतात, हे २०१६ मध्ये आढळून आले. हे काम व्हीपीयू या प्रथिनाकडून होते. उत्तेजक ग्राहींना चेतविणारी काही प्रथिनेही नेफ व व्हीपीयू यांच्यामुळे पृष्ठभागावरून कमी होतात. अशा रीतीने व्हायरस दोन पहारेकऱ्यांना एकाच वेळी चकवितो. मात्र ही लपवणूक संपूर्ण नसते. व्हायरसाच्याच व्हीपीआर प्रथिनामुळे कोशिकेवर ताणाची निदर्शके वाढतात आणि काही ग्रस्त कोशिका मारल्या जातात.

उपचाराविना होणारे बदल : संक्रामणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील व्हायरसाचे प्रमाण फार वाढते. या तीव्र अवस्थेत मारण्याचे काम करणाऱ्या नैसर्गिक मारक कोशिकांची संख्या प्रारंभी वाढते, तर संदेशवाहक प्रथिने स्रवणाऱ्या कोशिकांची संख्या घटू लागते. टी-कोशिकांचा विशिष्ट प्रतिसाद पूर्णपणे उभा राहण्यापूर्वीची ही पहिली फळी होय.

त्यानंतर लक्षणरहित दीर्घ अवस्था येते. उपचार न केल्यास संक्रामणापासून एड्स होईपर्यंत प्रौढांत सरासरीने आठ ते दहा वर्षे जातात, असे दिसते. या काळात व्यक्ती काम करीत असते, तिला आजार जाणवत नाही. परंतु रक्तात व्हायरस सतत असतो. त्याच्या सान्निध्यात नैसर्गिक मारक कोशिकांत पुढील बदल घडतात : (१) मारण्याचे काम करणाऱ्या मुख्य प्रकाराची संख्या कमी होते. (२) सीडी५६ नसलेला तिसरा प्रकार वाढतो. रक्तात व्हायरस विपुल असलेल्या काही रुग्णांत तो या कोशिकांचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक व्यापतो. (३) या तिसऱ्या प्रकारातील कोशिकांची मारकशक्ती व गॅमा इंटरफेरॉन स्रवण्याची क्षमता फार कमी असते; त्यांच्यातील परफोरीन घटलेले असते. (४) एनकेपी३० व एनकेपी४६ यांसारखे उत्तेजक ग्राही कमी होतात, तर काही रोधक ग्राहींचे प्रमाण वाढते. (५) प्रतिपिंडांमार्फत मारण्याची क्रियाही दुर्बल होते. (६) शाखाकृती कोशिकांशी होणारा त्यांचा परस्परसंवाद बिघडतो. एरवी मारक कोशिका अपक्व शाखाकृती कोशिकांची निवड करून निरुपयोगी कोशिका बाद करतात. हे काम नीट न झाल्यामुळे टी-कोशिकांना मिळणारे प्रशिक्षणही सदोष होते.

म्हणजेच या कोशिका रक्तातून पूर्णपणे नाहीशा होत नाहीत. त्यांची संख्या एक वेळ समाधानकारक दिसेल; पण त्यांतील काम करणाऱ्यांची जागा काम न करणाऱ्यांनी घेतलेली असते.

ऱ्हासाची कारणे : पहिले कारण म्हणजे व्हायरसाच्या सततच्या अस्तित्वामुळे या कोशिकांना अखंड मिळणारी उत्तेजना. तिच्यामुळे त्या थकतात. दुसरे कारण म्हणजे आधाराचा अभाव. साहाय्यक टी-कोशिका इंटरल्यूकिन-२ स्रवून त्यांना प्रेरणा देतात; या टी-कोशिका नष्ट होऊ लागल्या, की हा पुरवठा आटतो. महाभक्षी व शाखाकृती कोशिकांकडून मिळणारी इंटरल्यूकिन-१२ व इंटरल्यूकिन-१५ यांची प्रेरणाही बाधित होते. तिसरे कारण आतड्याशी संबंधित आहे. एचआयव्ही प्रारंभीच आतड्याच्या अस्तरातील टी-कोशिकांचा मोठ्या प्रमाणावर नाश करतो. अस्तराची अभेद्यता कमी होऊन जंतूंचे घटक रक्तात झिरपतात आणि सर्व शरीरातील दाहयुक्त उत्तेजना कायम राहते.

परिणाम : नैसर्गिक मारक कोशिकांचे महत्त्व त्यांच्या जन्मजात अभावावरून स्पष्ट होते. १९८९ मध्ये अमेरिकेत वर्णिलेल्या एका मुलीत या कोशिका नव्हत्या. तिला कांजिण्या व नागीण-कुलातील इतर व्हायरसांची वारंवार व तीव्र संक्रामणे झाली. उपचाराविना असलेल्या एचआयव्ही-बाधितांतही याच कुलातील व्हायरस उचल खातात. कांजिण्यांचा सुप्त व्हायरस पुन्हा जागा होऊन तरुण वयात नागीण होणे, हे एचआयव्ही चाचणी करण्याचे एक सूचक लक्षण मानले जाते. याच कुलातील सायटोमेगॅलो व्हायरसामुळे प्रगत अवस्थेत दृष्टिपटलाचा दाह होऊन अंधत्व येऊ शकते. अर्थात या विकारांना टी-कोशिकांचा ऱ्हासही तितकाच, किंबहुना अधिक, जबाबदार असतो.

भारतात सर्वांत महत्त्वाचा सहरोग क्षय हा होय [⟶ क्षयरोग]. नैसर्गिक मारक कोशिका क्षयजंतूंनी ग्रासलेल्या महाभक्षी कोशिकांचा नाश करू शकतात व गॅमा इंटरफेरॉन स्रवून इतर महाभक्षी कोशिकांना जंतू मारण्यास समर्थ करतात. सुप्त क्षयजंतू लोकसंख्येत व्यापक असलेल्या प्रदेशात संरक्षणाचा हा थर पातळ होणे विशेष घातक ठरते. एचआयव्ही-बाधितांत क्षयरोगाचा धोका सीडी४ कोशिकांची संख्या बरीच चांगली असतानाही वाढलेला असतो.

व्यक्तिभेद : उपचाराविना दीर्घकाळ निरोगी राहणाऱ्या थोड्या व्यक्ती सर्वत्र आढळतात. केआयआर३डीएस१ हा उत्तेजक ग्राहीचा जीन आणि एचएलए-बी चा एक विशिष्ट गट एकत्र असलेल्या व्यक्तींत रोग सावकाश वाढतो, असे २००२ मध्ये दिसून आले. २०११ मध्ये असेही आढळले की, व्यक्तीत असलेल्या अशा ग्राहींनुसार व्हायरस आपल्या रचनेत बदल करून घेतो. ज्या शत्रूकडून धोका नाही त्याच्यासाठी रूप पालटण्याचे कारण नसते. त्यामुळे या कोशिका व्हायरसावर खरोखर दाब आणतात, याचा हा पुरावा ठरला. भारतात एचआयव्ही-१ चा ‘सी’ हा उपप्रकार प्रमुख आहे. पुण्याच्या संस्थेतील संशोधकांनी उपचाराविना दीर्घकाळ निरोगी राहिलेल्या भारतीयांचा अभ्यास करून त्यांच्यात प्रतिपिंडांमार्फत मारण्याचा प्रतिसाद व्हायरसाच्या अनेक भागांविरुद्ध, म्हणजे व्यापक स्वरूपाचा, असतो असे २०१७ मध्ये दाखविले. थायलंडमध्ये झालेल्या व २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या लस-चाचणीत सुमारे ३१ टक्के संरक्षण मिळाले होते. तेथेही या क्रियेचा काही वाटा असावा, असे नंतरच्या विश्लेषणावरून मानले जाते. या अपवादात्मक व्यक्तींवरून इतरांनी उपचार पुढे ढकलणे मात्र सर्वथा चुकीचे होय. आपण या गटातील आहोत की नाही, हे आधी कळण्याचा साधा मार्ग नाही.

उपचारांचा परिणाम : रेट्रोव्हायरस-रोधी औषधे (एआरटी) नियमित घेतल्यास काही महिन्यांत रक्तातील व्हायरस मोजता न येण्याइतका कमी होतो. त्याबरोबर सीडी५६ नसलेला निष्क्रिय प्रकार घटतो, मुख्य प्रकार पुन्हा वाढतो व ग्राहींचे प्रमाण सुधारते. तथापि पुष्कळ वर्षे उपचार घेऊनही या कोशिकांचे कार्य काही रुग्णांत निरोगी पातळीस पोहोचत नाही. संक्रामणानंतर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी भरपाई अधिक चांगली होते.

उपचार केव्हा सुरू करावेत, याचे निकष बराच काळ सीडी४ कोशिकांच्या संख्येवर आधारलेले होते. निरोगी प्रौढांत ही संख्या दर घन मिमी. रक्तात साधारणपणे ५०० ते १,५०० असते. भारतात शासकीय मोफत उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. त्या वेळी औषधांची उपलब्धता मर्यादित असल्याने ही संख्या २०० पेक्षा खाली गेलेल्या रुग्णांना प्राधान्य होते. पुढे ही मर्यादा ३५० व नंतर ५०० पर्यंत वाढविण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत संख्या ५०० पेक्षा अधिक असतानाच उपचार सुरू केलेल्यांत गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण, उपचार लांबविलेल्यांच्या तुलनेत, ५७ टक्क्यांनी कमी आढळले. याचे सारे श्रेय नैसर्गिक मारक कोशिकांना देता येणार नाही. परंतु सीडी४ ची संख्या चांगली असतानाही शरीराची हानी चालू असते, हे यावरून निःसंशय सिद्ध झाले. २०१७ पासून भारतात निदान झालेल्या प्रत्येक व्यक्तीस, सीडी४ ची संख्या कितीही असो, उपचार देण्याचे धोरण आहे.

उपचार मधेच थांबविणे तितकेच हानिकारक असते. औषधे बंद झाल्यावर बहुतेकांत थोड्याच आठवड्यांत व्हायरस रक्तात परत येतो आणि त्याबरोबर वर वर्णिलेले बदलही पुन्हा सुरू होतात. सीडी४ च्या संख्येनुसार औषधे बंद-चालू करणाऱ्यांत मृत्यू व गंभीर आजार अधिक होतात, असे ‘स्मार्ट’ या चाचणीत २००६ मध्ये आढळल्यामुळे ती पद्धत सोडून देण्यात आली.

खानदेशातील परिस्थिती : वरील विवेचनानुसार हानीचे परिमाण व्हायरस रक्तात किती काळ मोकळा राहिला, यावर अवलंबून असते. हा काळ प्रयोगशाळेत नव्हे, तर लोकांच्या राहणीत व कामधंद्यात ठरतो. खानदेश हा दळणवळणाचा प्रदेश आहे. मुंबई-आग्रा महामार्ग धुळे व शिरपूरवरून जातो; सुरत-नागपूर महामार्ग त्याला धुळ्यात छेदून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा पूर्वेस जातो. भुसावळ हे मोठे रेल्वे प्रस्थानक आहे. मालमोटारींवरील चालक व त्यांचे मदतनीस महिन्यातील बरेच दिवस घराबाहेर असतात. धुळे जिल्ह्याच्या पश्चिम व उत्तर भागांतील आदिवासी मजूर ऊसतोडीसाठी हंगामात कुटुंबासह गुजरातेत जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली परिसरातील ज्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला त्यांत खानदेशातून गेलेल्यांचा भरणा मोठा होता. सातपुड्याच्या पायथ्याकडील वस्त्यांपासून जिल्ह्याचे ठिकाण लांब पडते. स्थलांतर हे रोगाचे कारण नव्हे आणि त्यावरून कोणत्याही समाजाला दोष देणे अशास्त्रीय होय. परंतु त्यामुळे चाचणी लांबते व चालू असलेले औषध तुटते. आणि नैसर्गिक मारक कोशिकांचा ऱ्हास नेमका याच दोन खिंडारांतून होतो.

तिसरे कारण भीतीचे आहे. औषध घेण्यासाठी केंद्रावर जाताना गावातील कोणी पाहील, या धास्तीने अनेक जण पहिली लक्षणे दिसेपर्यंत थांबतात. तोपर्यंत मधली वर्षे गेलेली असतात. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, व्यक्तीची माहिती गुप्त ठेवावी लागते आणि नोकरी, शिक्षण व औषधोपचार यांत भेदभाव करण्यास मनाई आहे.

जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असून जळगाव येथील २०१८ मध्ये सुरू झाले. दोन्ही शहरांत शासकीय एआरटी केंद्रे आहेत. शासकीय एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रांत चाचणी विनामूल्य होते. गरोदर स्त्रिया व क्षयरोगाचे रुग्ण यांना ही चाचणी सुचविण्यात येते. १०९७ या विनाशुल्क दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते. कामासाठी परगावी जाणाऱ्या रुग्णास अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्याची आणि आवश्यक तर दुसऱ्या केंद्राकडे नाव वर्ग करण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. मात्र त्यासाठी जाण्यापूर्वी केंद्रास कळविणे आवश्यक असते.

या केंद्रांत सीडी४ कोशिका व रक्तातील व्हायरस यांचे मापन होते. नैसर्गिक मारक कोशिकांचे होत नाही. ते संशोधनापुरते मर्यादित आहे व उपचार ठरविण्यासाठी त्याची आवश्यकताही नाही. रक्तातील व्हायरस मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर या कोशिका सावरत आहेत, असे धरून चालता येते. तो वाढलेला असेल, तर सीडी४ ची संख्या कितीही आश्वासक असली व व्यक्तीला कोणताही त्रास जाणवत नसला, तरी त्यांचा ऱ्हास चालू असतो.